मनालीला निघण्याआधी वारा वाचा: नागपूरकरांसाठी डोंगरी हवामान अंदाजाची उकल

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी. आम्ही घरचे सात जण मनालीच्या वर, सोलंगच्या वाटेवर उभे होतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, बर्फ खाली भरपूर आणि वर जाणारी वाट बंद. ड्रायव्हर म्हणाला, "ऊपर हवा चल रही है." आत्याला ते काही पटेना. "अरे, हवा तर आपल्या फुटाळ्यावरही चालते. म्हणून कोणी रस्ता बंद करतं का?" तेवढ्यात समोरच्या धारेवरून बर्फाचा पांढरा पिसारा उडाला, पाच मिनिटांत डोंगर दिसेनासा झाला आणि आत्या गप्प झाली.

संध्याकाळी हॉटेलात रजई घेऊन हवामान विभागाचं बुलेटिन उघडलं. पश्चिमी विक्षोभ कुठे आहे, तो कधी येणार, वर वारा किती, हे सगळं तीन दिवसांपासून लिहिलेलं होतं. आमच्या सातही फोनवर मात्र ढगाखाली बर्फाची चांदणी, एवढंच. तेव्हापासून मी चांदणी बघत नाही, बुलेटिन बघतो. ते कसं बघायचं, निघायच्या आठवडाभर आधीपासून वर पोचेपर्यंत, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एकच संकल्पना

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. काही वर्तमानपत्रं त्याला पश्चिमी झंझावात म्हणतात, गोष्ट तीच. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली कमी दाबाची ही प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत पूर्वेकडे सरकते. डिसेंबर ते फेब्रुवारीत महिन्याला साधारण चार ते सहा येतात. सगळे दमदार नसतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत दोन-तीन दिवस बर्फ पाडतात.

बुलेटिनात त्याची ओळ साधारण अशी असते: "मध्य तपांबरातील पश्चिमी वाऱ्यांमधील द्रोणीय स्थिती, आस समुद्रसपाटीपासून ५.८ किमी उंचीवर, ७० अंश पूर्व रेखांशाजवळ, ३० अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेस." बहुतेक लोक इथेच फोन खिशात टाकतात. पण यातला कामाचा आकडा एकच, ७०. मनाली जवळपास ७७ अंशावर आहे आणि विक्षोभ दिवसाला साधारण आठ-दहा अंश पुढे सरकतो. म्हणजे आज ७० वर असेल तर उद्या-परवाकडे तुमच्या डोक्यावर, आणि ६० वर असेल तर दोन दिवसांची सवड. आपलं नागपूर ७९ अंशावर आहे, पण अक्षांश २१, त्यामुळे मुख्य बर्फाचा खेळ आपल्या बराच वरून निघून जातो.

पायरी १: सात दिवस आधी, फक्त तारखा

नोव्हेंबर संपताना हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा तापमानाचा दीर्घकालीन अंदाज देतो. तो वाचायला हरकत नाही, पण त्यावरून तिकीट काढू नका. तीन महिन्यांची सरासरी थंडी कशी असेल ते त्यात कळतं, २६ तारखेला कुफ्रीत बर्फ पडेल का ते कळत नाही. दर गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज थोडा जवळचा, पण त्यातूनही "येत्या आठवड्यात विक्षोभ सक्रिय राहतील" इतकंच घ्यावं. नाताळच्या सुट्टीत सिमल्याला बर्फ मिळणारच असं गृहीत धरून निघणारे दरवर्षी हिरमुसून परततात. तिथला चांगला बर्फ बहुतेकदा जानेवारी-फेब्रुवारीतला.

खरं काम सात दिवसांच्या अंदाजापासून सुरू होतं. दिल्लीचं राष्ट्रीय बुलेटिन उघडा आणि कोणत्या रात्रीपासून नवा विक्षोभ हिमालयाच्या पश्चिम भागावर परिणाम करणार, ती तारीख कागदावर लिहा. मग राज्याचं केंद्र उघडा: हिमाचलसाठी सिमला, उत्तराखंडासाठी डेहराडून, काश्मीरसाठी श्रीनगर, लडाखसाठी लेह. आपलं सोनेगावचं प्रादेशिक केंद्र विदर्भासाठी उत्तम, पण मनालीचं त्याला विचारू नका.

यादरम्यान घरबसल्या एक खूण मिळते. विक्षोभ जवळ येऊ लागला की नागपुरातली थंडी अनेकदा कमी होते. आकाशात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात, रात्रीचा पारा दोन-तीन अंशांनी चढतो आणि सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर "गेली वाटते यंदाची थंडी" अशी चर्चा होते. ती गेलेली नसते. विक्षोभ पुढे सरकला की मागून वायव्येचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो आणि एक-दोन दिवसांत पारा घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले, तेव्हाही उत्तरेकडून येणारा असाच वारा होता.

पायरी २: शब्दांचा अर्थ लावा

बुलेटिनातले शब्द साधे वाटतात, पण प्रत्येकाला माप आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या चौथाईपर्यंत केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याच्या वर "बहुतेक ठिकाणी". तुरळक लिहिलंय आणि तुमच्या हॉटेलासमोर पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही.

सगळ्यात फसवा शब्द "मध्यम". हवामान विभागाच्या पट्टीवर चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम पाऊस. नागपुरात २० मिलिमीटर पडला तर छत्री काढली की काम झालं. पण बर्फाचा हिशेब वेगळा. ताजा, भुसभुशीत बर्फ ढोबळमानाने पाण्याच्या दहापट जागा घेतो, म्हणजे २० मिलिमीटर पाण्याचा जवळपास २० सेंटिमीटर बर्फ. साध्या हॅचबॅक गाडीचं पोट तेवढ्या बर्फात टेकतं. तेव्हा डोंगरासाठी मध्यम हा शब्द "रस्ता बंद पडू शकतो" असा वाचायचा.

रंगांचं तुम्हाला माहीत असेलच: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. माझा घरगुती नियम असा: पिवळा असेल तर जातो पण खोलीपासून लांब जात नाही, नारिंगीला गाव सोडत नाही, लाल असेल तर नागपूरच सोडत नाही. इशाऱ्याखाली जिल्ह्याचं नाव बघायला मात्र विसरू नका. लाहौल-स्पीतीचा इशारा आणि सोलनचा इशारा यांत हजारो मीटर उंचीचा फरक असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पावसा-बर्फाचा "दिवस" सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. नकाशावर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. हे न केल्याने पहाटेचा बर्फ आदल्या रात्रीचा समजून लोक चुकीच्या सकाळी बाहेर पडतात.

पायरी ३: उंचीची वजाबाकी

फोनवर "मनाली ४ अंश" दिसतं ते मनालीचं, म्हणजे साधारण २,०५० मीटरवरचं. तुम्ही जाणार वर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, मनालीपेक्षा जवळपास १,९०० मीटर उंच. म्हणजे बारा-साडेबारा अंश वजा करा, आणि उरतात उणे आठ. अटल बोगद्याची तोंडंही तीन हजार मीटरच्या थोडी वर आहेत, तिथे सहा-सात अंश कमी धरायचे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. चिखलदऱ्याला स्वेटर काढावं लागतं ते याच हिशेबाने.

याच वजाबाकीतून पाऊस की बर्फ तेही कळतं. शून्य अंशाची पातळी ज्या उंचीवर असेल, तिच्या खाली साधारण तीनशे मीटरपर्यंत बर्फ बर्फच राहतो, त्याखाली तो वितळून पाऊस होतो. मनालीत पाऊस पडतोय हे ऐकून माझ्या एका मावसभावाने बुकिंग रद्द केलं होतं. त्या दिवशी पाचशे मीटर वर सोलंगला पांढरी चादर पडली. उलटही होतं: उबदार विक्षोभ आला तर गुलमर्गसारख्या २,६५० मीटरच्या ठिकाणीही पावसाचा चिखल होऊ शकतो.

पायरी ४: वारा, इथे वेळ द्या

आम्हा नागपूरकरांना वारा कळतो तो संक्रांतीला. पतंग नीट उडाला की वारा चांगला, "ओ काट" ओरडून झालं की विषय संपला. उन्हाळ्यात लू, पावसाळ्यात वादळ. थंडीत वाऱ्याने माणूस आजारी पडतो, रस्ते बंद होतात, हा अनुभवच नाही. म्हणून अंदाजात बर्फ शोधायची सवय आणि वाऱ्याची ओळ सोडून द्यायची खोड.

वाऱ्याचे तीन वेगवेगळे परिणाम लक्षात ठेवा.

एक म्हणजे अंगाला भासणारी थंडी. हवा उणे ५ अंश आणि वारा ताशी ३० किमी असेल तर उघड्या कातडीला ती उणे १३ इतकी बोचते. वारा ५० झाला की उणे १५. अगदी शून्य अंशावरही ताशी ४० किमीचा वारा असेल तर भास उणे ७ चा. लहान मुलांची बोटं, नाक, कान इथेच सापडतात. "काल एवढीच थंडी होती, तेव्हा काही झालं नाही" हा युक्तिवाद वाऱ्याने मोडतो.

दुसरा परिणाम धक्क्याचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. म्हणून सरासरी वाऱ्यापेक्षा झोत किती हे बघायचं. सरासरी ३० आणि झोत ६० असेल तर ६० ला धरून चाला. रोपवे याच झोतांमुळे थांबतात. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर पोचतो, उघड्या धारेवर. वारा वाढला की आधी तो बंद होतो, खालचा टप्पा सुरू असतो आणि खाली उभ्या माणसाला कळत नाही की इतक्या छान उन्हात हे असं का. आमच्या आत्यासारखंच.

तिसरा परिणाम लोक विसरतात. पडलेला बर्फ वारा पुन्हा उचलतो. आकाशातून एक कण पडत नसताना उडत्या बर्फाने समोरचं दिसेनासं होतं. वाऱ्याकडच्या उतारावरून खरवडलेला बर्फ पलीकडच्या आडोशाच्या उतारावर साचतो, आणि तो नीट न बसलेला जाड थर पुढे हिमस्खलनाला निमित्त होतो.

आता हा वारा अंदाजात शोधायचा कुठे? गावाच्या अंदाजात नाही. मनाली दरीत आहे, दरीत वारा दबलेला असतो. विंडीसारख्या अ‍ॅपवर उंचीचा पर्याय असतो, तिथे ७०० हेक्टापास्कल निवडा. हवेच्या दाबाची ही पातळी साधारण ३.१ किमी उंचीची, म्हणजे बोगद्याच्या तोंडाजवळची. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा. २५ नॉट म्हणजे साधारण ४६ किमी. त्या पातळीवर ४० किमीच्या पुढे आकडा दिसला की त्या दिवशी मी खिंडीचा बेत करत नाही. हा माझा अंदाजपंचे नियम, सरकारी नाही. पण आतापर्यंत एकदाही खाली बसून राहिल्याचा पश्चात्ताप झाला नाही.

सलग बर्फ आणि बर्फाच्या सरी यांत इथेच फरक करा. विक्षोभ माथ्यावर असताना राखाडी आकाशातून तासन् तास सलग बर्फ पडतो. तो कंटाळवाणा, पण प्रामाणिक. दिसतो म्हणून माणूस खोलीत थांबतो. विक्षोभ सरकल्यावर मागच्या गार, वाऱ्याच्या हवेत ज्या सरी येतात त्या फसव्या. दहा मिनिटं ऊन, दहा मिनिटं काही दिसत नाही, पुन्हा ऊन. "हवामान सुधारणार, तुरळक ठिकाणी हलका बर्फ" हे वाक्य वाचून लोक याच दिवशी वर निघतात आणि नेमके वळणावर सापडतात.

पायरी ५: तीन दिवस आधी, रस्ता आणि रेल्वे

सरळ सांगायचं तर नागपूर ते दिल्ली ही वाटही त्याच विक्षोभाच्या ताब्यात असते. विक्षोभ ओलावा टाकून जातो, मागे वारा पडला की उत्तरेच्या मैदानात दाट धुकं बसतं. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की ते दाट, ५० च्या खाली अतिदाट. गाडी ग्वाल्हेर-आग्र्यापुढे रेंगाळते. दिल्लीत पोचल्यावर लगेचची पुढची बस घेऊ नका, मध्ये अर्धा दिवस मोकळा ठेवा.

हिमस्खलनाचा अंदाज हवामान विभागापेक्षा वेगळा, तो संरक्षण खात्याच्या डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी पूर्वीची सासे ही संस्था आता तिच्यातच विलीन झाली आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर धोका सर्वाधिक, आणि नवा बर्फ अधिक वारा यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. आकाश निरभ्र झालं म्हणून उतारावर घसरगुंडी खेळायला धावू नका. तो उतार कुठल्या मोठ्या उताराखाली आहे हे आधी मान वर करून बघा.

काश्मीरला जाणार असाल तर आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. नाहीतर अंदाज कितीही छान वाचता येत असला तरी तो उघडायचा कशावर.

पायरी ६: आदली संध्याकाळ आणि ती सकाळ

आदल्या संध्याकाळचं बुलेटिन वाचून बेत ठरवा, सकाळी तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघून तो पक्का करा. रडारचं चित्रही बघा: हिमाचलात कुफ्री, जोत आणि मुरारी देवी, उत्तराखंडात मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाउन इथे रडार आहेत. डोंगराच्या आड रडारला दिसत नाही, म्हणून चित्र कोरं असलं तरी त्यावर विसंबू नका. शेवटचा शब्द स्थानिक ड्रायव्हर आणि पोलिसांचा. फोर बाय फोरशिवाय सोडणार नाही म्हणाले तर वाद घालू नका, आपल्या वर्धा रोडवरच्या ड्रायव्हिंगचा तिथे उपयोग नाही.

परतायची वेळ निघतानाच ठरवा. मी दुपारी दोन धरतो. कारण दुपारी वितळलेलं पाणी ऊन उतरताच रस्त्यावर गोठतं आणि काळ्या डांबरावर काळंच दिसतं. सावलीतली वळणं, पुलांच्या कडा इथे ते आधी होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगद्याच्या पट्ट्यात सुमारे हजार वाहनं अडकली, ती बर्फाने रस्ता घसरडा झाल्यामुळे.

अडकलातच, तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन अधूनमधून दहा मिनिटं चालू करा, पण त्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडासमोरचा बर्फ हाताने काढा आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बर्फाने तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला हिमवादळात वीसहून अधिक लोक गाड्यांमध्ये दगावले, त्यातल्या काहींच्या बाबतीत हाच वायू कारण असल्याचं सांगितलं गेलं. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणं हाही त्यातलाच प्रकार. मदतीला ११२, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७.

कपड्यांचं थोडक्यात. हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी बाजारातलं लोकरीचं स्वेटर ऊब देतं, वारा अडवत नाही. त्यावर वारा न शिरणारं पातळ जॅकेट हवंच, पावसाळी स्कूटरवरचं असलं तरी चालेल. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर पायाला गारठा चिकटून राहतो. मोज्यांचे दोन जादा जोड पाठपिशवीत, सुटकेसमध्ये नव्हे.

परत आल्यावर

विक्षोभ तुमच्या मागोमाग घरी येतो. वायव्येचा वारा सुरू होतो. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक कमी झालं की मैदानी भागात थंडीची लाट जाहीर होते. आणि कधी उत्तरेतून उतरलेली गार हवा व बंगालच्या उपसागरावरून येणारा ओलावा यांची गाठ विदर्भावर पडते, तेव्हा गारपीट. फेब्रुवारीत झाली तर संत्र्याचं दुहेरी नुकसान, कारण मृग बहाराची फळं झाडावर असतात आणि आंबिया बहाराचा फुलोरा सुरू झालेला असतो.

काटोलला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. मनालीहून परतलो तेव्हा त्यांना मोठ्या उत्साहाने बुलेटिन वाचून दाखवलं: ७२ अंश पूर्व, द्रोणीय स्थिती, ५.८ किलोमीटर. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते रेखांश-बिखांश राहू दे बापा. गारा हायेत का नाही, तेवढं सांग."